पगारातला वाटा, पदरचा वेळ

दापोली तालुक्यातल्या मुरूड गावासाठी १८८६ मध्ये एक फंड निघाला. नाव साधंच होतं, मुरूड फंड. गावाबाहेर जाऊन चार पैसे मिळवणाऱ्या मुरूडकरांनी मिळकतीतला काही भाग गावाच्या कामासाठी द्यावा, ही त्यामागची कल्पना. फंडामागे धोंडो केशव कर्वे होते. तेव्हा त्यांचं वय अठ्ठावीस होतं, मुक्काम मुंबईत होता आणि घर शिकवण्यांवर चालत होतं. हिंगण्याची झोपडी, महिला विद्यापीठ, भारतरत्न हे सगळं फार पुढचं. त्यांच्या अगदी सुरुवातीच्या सार्वजनिक कामांपैकी एक म्हणजे कमाईतला वाटा बाजूला काढण्याची ही व्यवस्था, आणि ती रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका गावासाठी होती, हे मला फार मोलाचं वाटतं. १८९३ मध्ये त्यांनी एका विधवेशी लग्न केलं तेव्हा याच मुरूडने त्यांच्यावर बहिष्कार टाकला. तरीही १९३६ मध्ये, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, खेड्यापाड्यांत शाळा काढण्यासाठी त्यांनी ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ स्थापन केलं आणि त्यासाठी पुन्हा दारोदार वर्गणी मागत ते फिरले.

आज मोठ्या कंपन्यांत ‘एम्प्लॉयी व्हॉलंटियरिंग’ आणि ‘पेरोल गिव्हिंग’ असे दोन शब्द रुळले आहेत. पहिल्याचा अर्थ असा की कर्मचाऱ्याने वर्षातले काही तास किंवा एखाद-दोन दिवस समाजाच्या कामाला द्यायचे आणि कंपनीने तो वेळ बहुधा पगारी धरायचा. दुसऱ्यात कर्मचाऱ्याच्या संमतीने दरमहा पगारातून ठरावीक रक्कम कापून ती एखाद्या संस्थेला पोचवली जाते. कर्मचारी जेवढं देईल तेवढीच भर काही कंपन्या स्वतःच्या तिजोरीतून घालतात. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकने ही जोड-देणगीची पद्धत १९५४ मध्ये सुरू केली. ब्रिटनमध्ये १९८७ पासून पगारातूनच, कर लागण्याआधी, देणगी कापून घेण्याची सोय आहे. आपल्याकडे टाटा समूहाने २०१४ मध्ये ‘टाटा एंगेज’ या नावाखाली स्वयंसेवेचे सगळे कार्यक्रम एकत्र आणले. शब्द नवे आहेत, पण कोकणी माणसाने हे काम कंपनीने सांगण्याच्या कितीतरी आधीपासून केलं आहे.

मुंबईत गिरणगावातल्या चाळींत एका खोलीत एकाच गावचे पंधरा-वीस जण राहत. दिवसपाळीवाला उठून गेला की त्याच्या जागेवर रातपाळीवाला अंग टाकी. मुंबईच्या गिरण्यांना कितीतरी दशकं सर्वांत जास्त माणसं पुरवली ती तेव्हाच्या अखंड रत्नागिरी जिल्ह्याने. सिंधुदुर्ग वेगळा झाला तो १९८१ मध्ये. त्या खोलीत गावाच्या मंडळाची एक ट्रंक असे आणि ट्रंकेत पावतीपुस्तक. पगार झाला की वर्गणी द्यायची. त्यातून गावी शाळेचं छप्पर झालं, विहिरीचं बांधकाम झालं, पावसात वाहून जाणाऱ्या वाटेवर जांभ्या दगडाची पाखाडी झाली, देवळाचा सभामंडप झाला. रक्कम मोठी लागली तर परळच्या दामोदर हॉलमध्ये नमनाचा खेळ किंवा शक्ती-तुऱ्याचा सामना लावायचा आणि तिकिटं आपल्याच लोकांत खपवायची. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि या पैशाचा मूळ झराच आटला, तरी मंडळं टिकली. चाकरमानी बँकांत, बेस्टमध्ये, सिक्युरिटीत लागले, पण वर्गणी चालू राहिली.

मंडळाच्या या व्यवस्थेत एक गोष्ट फार भक्कम होती. वर्षाची सभा भरायची, खजिनदार जमाखर्च वाचायचा आणि कोणीही उठून विचारू शकायचा की सिमेंटच्या इतक्या पोत्यांचे पैसे लागले कसे. देणारा आणि घेणारा एकाच वाडीतला, त्यामुळे शिमग्याला गावी गेलं की बांधलेली भिंत डोळ्यांनी दिसायची. जातीपातीचे आणि भावकीचे हेवेदावेही त्या सभांत होतेच, आणि बाईला त्या हिशेबात फारसा आवाज नव्हता, हेही खरं. पण पैसे देणाऱ्याला आपल्या पैशाचं काय झालं ते कळत होतं.

मोठी कंपनी जिल्ह्यात आली ती या सगळ्याच्या नंतर. रत्नागिरी शहराच्या दक्षिणेला गोळप-रनपारच्या कड्यावर फिनोलेक्स इंडस्ट्रीजचा पीव्हीसीचा कारखाना १९९४ मध्ये सुरू झाला. समुद्रातल्या जेट्टीवर जहाजं लागतात, अतिथंड अवस्थेतलं इथिलीन आणि इतर कच्चा माल उतरतो आणि त्यापासून पाइपांसाठी लागणारी पांढरी भुकटी तयार होते. कंपनीचे संस्थापक प्रल्हाद छाब्रिया कराचीहून पुण्याला आलेले, लहानपणी दुकानात साफसफाईची नोकरी केलेले. स्वतःच्या बळावर मोठा झालेला माणूस अशी गोष्टच नसते, या अर्थाचं नाव त्यांनी आपल्या आत्मचरित्राला दिलं होतं. रत्नागिरीत १९९६ पासून फिनोलेक्सच्या नावाचं अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. कंपनीच्या सामाजिक कामाचा मोठा भाग १९९९ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या मुकुल माधव फाउंडेशनमार्फत चालतो आणि गोळपची मुकुल माधव विद्यालय ही शाळा त्याच कामातली. उत्तरेला जयगडला जेएसडब्ल्यू एनर्जीचं १२०० मेगावॉटचं वीजकेंद्र आणि त्याच समूहाचं बंदर आहे. खेड तालुक्यात लोटे-परशुरामला रासायनिक कारखान्यांची वसाहत आहे. जिल्ह्याच्या मानाने हे उद्योग मोठे, आणि त्यांच्या भोवतीची गावं माणसांनी विरळ होत चाललेली. २००१ ते २०११ या दशकात महाराष्ट्राची लोकसंख्या वाढली, पण रत्नागिरी जिल्ह्याची जवळपास पाच टक्क्यांनी घटून १६ लाख १५ हजारांवर आली. दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया, हे राज्यातलं सर्वांत वरचं प्रमाण. याचा अर्थ वाड्यांमध्ये म्हातारी माणसं, बायका आणि मुलं उरली आहेत. अशा ठिकाणी कंपनीतल्या तरुण माणसाचा एक दिवस पुण्या-मुंबईतल्या एका दिवसापेक्षा जास्त किमतीचा असतो.

आता कायद्याकडे वळू. २०१३ च्या कंपनी कायद्यातलं कलम १३५ हे १ एप्रिल २०१४ पासून लागू झालं. ज्या कंपनीची नक्त मालमत्ता ५०० कोटी रुपये, किंवा उलाढाल १००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी किंवा त्याहून जास्त आहे, तिने आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर (सीएसआर) खर्च करायची. कोणती कामं चालतील याची यादी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत आहे: शिक्षण, आरोग्य, पाणी, पर्यावरण, ग्रामविकास, आपत्ती निवारण वगैरे. आपण जिथे काम करतो त्या परिसराला कंपनीने प्राधान्य द्यावं, असंही कलमातच म्हटलेलं आहे. सुरुवातीला ही रक्कम खर्च झाली नाही तर कारण लिहिलं की भागत असे. जानेवारी २०२१ पासून तसं भागत नाही. चालू प्रकल्पासाठी उरलेला पैसा वेगळ्या खात्यात टाकून तीन वर्षांत खर्चावा लागतो, नाहीतर तो सरकारी निधीत जमा करावा लागतो, आणि चुकलं तर दंड आहे. कार्यालयीन खर्च एकूण रकमेच्या पाच टक्क्यांपर्यंतच धरता येतो. फक्त आपल्या कर्मचाऱ्यांच्या फायद्याचं काम यात मोजता येत नाही. कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठीच चालवलेली शाळा त्यामुळे बसणार नाही, पण गावातल्या सगळ्या मुलांसाठी असलेल्या शाळेत कर्मचाऱ्यांची मुलंही शिकत असली तर अडचण नाही.

कर्मचाऱ्याच्या वेळेबद्दल मात्र कायद्याची भूमिका वेगळी आहे. २०१४ च्या एका परिपत्रकात, कर्मचाऱ्याने समाजकामासाठी दिलेल्या तासांच्या प्रमाणात त्याच्या पगाराचा हिस्सा त्या खर्चात धरायला मुभा होती. नंतरच्या खुलाशात कंपनी व्यवहार मंत्रालयाने ती काढून घेतली. कर्मचाऱ्यांना या कामात जरूर सामील करून घ्या, पण त्यांच्या विनामूल्य सेवेचं पैशात मोल काढून ते दोन टक्क्यांत दाखवू नका, असं मंत्रालयाचं म्हणणं आहे. अनेक अधिकाऱ्यांना हे खटकतं. वेळ मोजला जात नसेल तर व्यवस्थापन तो का देईल, असं ते विचारतात. मला मात्र हा नियम योग्य वाटतो. तासांचे रुपये करायला परवानगी असती तर मोठ्या पगाराच्या अधिकाऱ्याने झाडाला पाणी घातलं की लाखो रुपयांची समाजसेवा कागदावर झाली असती आणि तेवढी खरी रक्कम दवाखान्याला कमी मिळाली असती. आता कंपनीचा पैसा कंपनीच्या खात्यावर मोजला जातो, आणि माणसाचा वेळ त्याच्या पदरचा राहतो. तो कशाला द्यायचा हे त्यामुळे नीट विचार करून ठरवता येतं.

कशाला द्यायचा, याचं कोकणातलं सर्वांत चांगलं उदाहरण वनराई बंधाऱ्याचं आहे. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि एप्रिल-मेमध्ये कित्येक वाड्यांना टँकर लागतो. उतार तीव्र आहे, समुद्र जवळ आहे आणि जांभा दगड सच्छिद्र आहे, त्यामुळे पडलेलं पाणी थोड्या वेळात वहाळातून खाडीला मिळतं. मोहन धारिया यांनी १९८६ मध्ये स्थापन केलेल्या वनराई संस्थेच्या नावाने ओळखला जाणारा हा बंधारा पैशाच्या हिशेबात जवळजवळ फुकट आहे. सिमेंटची रिकामी पोती जमवायची, त्यात जागेवरची माती-वाळू भरायची, तोंडं शिवायची आणि वहाळात आडवी रचायची. दोन पोत्यांचा सांधा वरच्या पोत्याखाली दडला पाहिजे, पाया रुंद आणि माथा अरुंद ठेवला पाहिजे, वरच्या बाजूने चिकणमातीचा गिलावा दिला पाहिजे आणि जास्तीचं पाणी मधूनच वाहून जाईल अशी थोडी खोलगट जागा सोडली पाहिजे, नाहीतर पाणी काठ कापून बाजूने पळतं. उंची कमरेएवढी झाली तरी पुष्कळ. पंचवीस-तीस माणसं जोर लावतील तर अर्ध्या दिवसात एक बेताचा बंधारा उभा राहतो. वरच्या अंगाला पाणी तुंबतं, शेजारच्या विहिरीची पातळी टिकते, गुरांना पाणी मिळतं, बायकांना कपडे धुवायला लांब जावं लागत नाही आणि भात निघाल्यावर पावटा, कुळीथ, थोडी भाजी होते.

यात वेळेला फार महत्त्व आहे. पाऊस ओसरला आहे पण वहाळ अजून वाहतो आहे, असे आठवडे ऑक्टोबर ते डिसेंबर एवढेच. आधी बांधला तर परतीच्या पावसात वाहून जातो आणि उशीर झाला तर अडवायला पाणीच उरत नाही. कंपनीच्या कॅलेंडरात ‘पर्यावरण महिना’ जूनमध्ये असेल तर बंधाऱ्याला त्याचा काही उपयोग नाही. जागाही बाहेरच्या माणसाला कळत नाही. कुठला झरा शेवटपर्यंत जिवंत असतो आणि कुठली जागा वरून बरी दिसली तरी खालून गळते, हे गुरं राखणाऱ्या माणसाला विचारावं लागतं. शिवाय पोती प्लॅस्टिकची असतात, उन्हाने त्यांचा चुरा होतो. मे संपायच्या आत ती काढली नाहीत तर पहिल्या पुरात सगळं प्लॅस्टिक खाडीत जातं. बांधायच्या दिवशी बॅनर घेऊन जाणारे पुष्कळ असतात. मेमध्ये पोती काढायला जाणाऱ्यांचा गट ज्या कंपनीत तयार होईल, तिथली स्वयंसेवा मुरली असं मी म्हणेन.

आता कर्मचाऱ्याच्या बाजूने पाहू. पीव्हीसीचा कारखाना किंवा वीजकेंद्र रात्रंदिवस चालतं. ऑफिसातल्या जनरल शिफ्टच्या लोकांना शनिवारचा कार्यक्रम जमतो, पण प्लांटमधला माणूस नाईट करून घरी आलेला असतो आणि त्याचा ‘ऑफ’ मंगळवारी असतो. त्यामुळे फोटोत नेहमी एचआर आणि अकाउंट्सचे तेच चेहरे दिसतात. त्यात कोकणातल्या माणसाची रजा आधीच ठरलेली असते. गणपतीला आठ दिवस, शिमग्याला पालखी घरी यायच्या दिवशी, आणि ज्याची चार कलमं आहेत त्याला एप्रिल-मेमध्ये आंब्याच्या पेट्या भरायला. या दिवसांत कितीही चांगला उपक्रम आखला तरी माणूस येणार नाही, आणि न येण्यात त्याचं काही चुकत नाही. वेळापत्रक गावाच्या दिनक्रमावर बेतलं आणि शिफ्टवाल्यांना त्यांच्या ऑफच्या दिवशी गट करून जाता आलं, तर लोक येतात.

रक्तदानाचं गणितही असंच वेळेचं आहे. कंपनीच्या वर्धापनदिनी शिबिर होतं, एका दिवसात शेकड्याने पिशव्या जमतात. पण तांबड्या पेशी पस्तीस ते बेचाळीस दिवस टिकतात आणि प्लेटलेट्स तर फक्त पाच दिवस. पुरुषाला पुन्हा रक्त द्यायला तीन महिने थांबावं लागतं, बाईला चार. महाराष्ट्रात रक्ताचा तुटवडा दरवर्षी ठरल्यासारखा मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत पडतो, कारण तेव्हा महाविद्यालयं बंद असतात आणि लोक गावाला गेलेले असतात. जिल्हा रुग्णालयाच्या रक्तपेढीला विचारून, वेगवेगळ्या विभागांनी वेगवेगळ्या महिन्यांत रक्त द्यायचं ठरवलं, तर तेवढेच दाते जास्त जीव वाचवतील. त्यासाठी एक पैसाही जास्त लागत नाही.

हातांचं श्रमदान सगळ्यांना दिसतं. पण मोठ्या कंपनीतल्या माणसाकडे असं काहीतरी असतं जे गावात विकतही मिळत नाही, आणि ते म्हणजे त्याची विद्या. टीसीएसमध्ये फकीरचंद कोहली यांच्या पुढाकाराने २००० साली संगणकावर आधारित प्रौढ साक्षरतेचा कार्यक्रम तयार झाला. निरक्षर प्रौढाला साधारण चाळीस-पन्नास तासांत वर्तमानपत्र वाचता यावं, अशी त्याची रचना होती, आणि पुढे तो मराठीसह अनेक भारतीय भाषांत आला. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी सॉफ्टवेअरच दिलं. रत्नागिरीत असं काय देता येईल? रासायनिक कारखान्यातल्या सेफ्टी विभागाकडे आगीशी, वायुगळतीशी, अपघाताशी सामना करायचं पक्कं शिक्षण असतं. त्यांची मॉक ड्रिल कायद्यानेच होत असते. तेच लोक मुंबई-गोवा महामार्गालगतच्या शाळांत आणि रिक्षा स्टँडवर जाऊन, अपघातातल्या माणसाला कसं उचलायचं, रक्तस्राव कसा थांबवायचा, साप चावल्यावर काय मुळीच करायचं नाही, हे शिकवू शकतात.

आणि अकाउंट्सवाले! देवरुखची मातृमंदिर ही संस्था इंदिराबाई हळबे, म्हणजे मावशी, यांनी १९५४ मध्ये सुरू केली. तिच्यासारख्या, आणि तिच्याहून कितीतरी लहान संस्था या जिल्ह्यात आहेत. आज कंपनीकडून निधी घ्यायचा तर संस्थेला सीएसआर-१ या अर्जाने नोंदणी करावी लागते, आयकराच्या दोन वेगळ्या नोंदण्या जिवंत ठेवाव्या लागतात, दरवर्षी ३१ मेपर्यंत सगळ्या देणगीदारांचं विवरण भरावं लागतं, आणि उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये शुल्क पडतं. शाळा किंवा बालवाडी चालवणाऱ्या, निवृत्त शिक्षकाच्या भरवशावर उभ्या असलेल्या संस्थेचा जीव या कागदांत घुसमटतो. अनेकदा निधी हुकतो तो काम वाईट म्हणून नाही, फॉर्म राहिला म्हणून. कंपनीतल्या एका अकाउंटंटने एप्रिल-मेमधल्या चार संध्याकाळी अशा संस्थेला दिल्या, तर पुढच्या वर्षभराचा पैसा त्या संस्थेपर्यंत पोचू शकतो. या कामाचा फोटो चांगला येत नाही. म्हणूनच ते मागे पडतं, आणि म्हणूनच ते मी इथे मुद्दाम लिहितो आहे.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा अशा विद्येची गरज फार कठोरपणे समोर आली. बाजारपेठ बुडाली, १८६४ मध्ये स्थापन झालेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराची ग्रंथसंपदा २००५ नंतर पुन्हा एकदा भिजली. पूर ओसरल्यावर अशा शहराला पहिल्या आठवड्यात जुने कपडे नको असतात. चिखल उपसणारे हात हवे असतात, पंप आणि पंप चालवणारा फिटर हवा असतो, ओल्या भिंतीतली वायरिंग तपासून मीटर चालू करणारा इलेक्ट्रिशियन हवा असतो, भिजलेल्या विम्याच्या आणि दुकानाच्या कागदांतून दावा लिहून देणारा माणूस हवा असतो. यातला प्रत्येक जण मोठ्या कारखान्यात पगारावर असतो. आपत्ती येण्याआधी अशा लोकांची यादी, फोन नंबर आणि कोणी कुठे जायचं हे ठरलेलं असेल, तरच ते वेळेवर पोचतात.

पगारातून द्यायच्या देणगीबद्दल काही नीट सांगायला हवं, कारण तिथे गैरसमज बरेच आहेत. कर्मचाऱ्याने दिलेली देणगी ही त्याची स्वतःची. कंपनीच्या दोन टक्क्यांत ती धरली जात नाही, आणि धरली जाऊही नये. कर्मचाऱ्याच्या रकमेत कंपनी जी भर घालते ती मात्र, काम अनुसूचीत बसत असेल तर, कंपनीच्या खर्चात येऊ शकते. ८०-जी या नावाने ओळखली जाणारी करसवलत फक्त जुनी करप्रणाली घेणाऱ्याला मिळते, आणि २००० रुपयांवरची रोख देणगी त्यात चालत नाही. नवी प्रणाली आता आपोआप लागू होते आणि बहुतेक पगारदार तिच्यातच राहतात, म्हणजे त्यांना देणगीवर करात काहीच सूट नाही. सवलत नसताना जो दरमहा २०० रुपये कापून देतो, त्याच्या २०० रुपयांना माझ्या लेखी वेगळं वजन आहे. संस्थेलाही ते वेगळ्या प्रकारे उपयोगी पडतात. वर्षातून एकदा आलेली मोठी देणगी खर्चून टाकावी लागते, पण दरमहा येणाऱ्या लहान रकमेवर बालवाडीच्या ताईचं मानधन ठरवता येतं.

पण संमती खरी असायला हवी. आपत्तीनंतर ‘एक दिवसाचा पगार’ देण्याची आपल्याकडे मोठी परंपरा आहे आणि तिने पुष्कळ भलं केलं आहे. तरी अनेक ठिकाणी पद्धत अशी असते की ज्याला द्यायचा नसेल त्याने लेखी कळवावं. साहेबाच्या टेबलावर नकाराचा कागद ठेवायची हिंमत किती जणांत असते? हेच स्वयंसेवेचंही. हजेरीपटावर नाव, वर्षाच्या मूल्यमापनात गुण, आणि मग रविवारी समुद्रकिनाऱ्यावर कचरा वेचायला ‘स्वेच्छेने’ आलेले लोक. होकार मागून घ्यावा, गृहीत धरू नये. आणि कंत्राटी कामगाराचा विचार वेगळा करावा. त्याला पगारी अर्धा दिवस मिळत नाही, त्या दिवसाची मजुरी बुडते. त्याला बोलवायचं असेल तर त्याची हजेरी भरून बोलवावं. बहुतेकदा तोच आसपासच्या वाडीतला असतो आणि वहाळाची खरी जागा त्यालाच ठाऊक असते.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. खाडीत मासा कमी झाला, पाण्याला वास येतो, अशा तक्रारी दाभोळ खाडीच्या काठचे मच्छीमार वर्षानुवर्षं करत आले आहेत. सांडपाणी शुद्ध करून सोडणं, धूर मर्यादेत ठेवणं, कामगाराला सुरक्षित ठेवणं ही कारखान्याची कायदेशीर जबाबदारी आहे आणि तिचा खर्च हा धंद्याचा खर्च आहे. त्याला दान म्हणता येत नाही, कायदाही म्हणू देत नाही. ज्या गावच्या विहिरीबद्दल तक्रार आहे त्या गावी कर्मचारी वह्या वाटायला गेले, तर लोक वह्या घेतील, पण विश्वास ठेवणार नाहीत. आधी विहिरीचं पाणी तपासून अहवाल गावासमोर ठेवावा आणि मगच शाळेच्या दारात जावं, हा क्रम मला अटळ वाटतो.

राहिला हिशेब. मंजूर प्रकल्पांची यादी संकेतस्थळावर टाकणं कंपनीला बंधनकारक आहे. वार्षिक अहवालात या कामावर किती खर्च झाला याचा तक्ता असतो. हे उघड असतं, पण इंग्रजीत आणि शंभराच्या वर पानांच्या अहवालात. ज्या वाडीत तो पैसा खर्च झाला तिथे तो तक्ता पोचत नाही, आणि ज्या कर्मचाऱ्याने तिथे घाम गाळला त्यालाही बहुधा तो माहीत नसतो. ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला भरते. त्यातल्या एका सभेत कंपनीच्या माणसाने यावं, शक्यतो तिथे काम केलेल्या कर्मचाऱ्यानेच, आणि आपल्या गावापुरता जमाखर्च मराठीत वाचून दाखवावा. दहा मिनिटांचं काम आहे. मग कोणीतरी उठून विचारेल की शाळेत बसवलेला डिजिटल बोर्ड गणपतीपासून बंद आहे तो कोण दुरुस्त करणार, वरच्या वाडीला बंधारा दिला तर खालच्या वाडीला का नाही, आणि या वर्षी पोती कोणत्या तारखेला आणणार.